याकोबकाकांचा गुडघा

सलाम, काका. तुम्हाला शिवडीला माती देऊन चार आठवडे होत आले आणि माझा राग काही उतरलेला नाही. पाळकसाहेबांनी मला स्मृतिलेख लिहायला सांगितलाय. मंडळीच्या पत्रिकेत छापायचाय, एक पान, फोटोसकट. 'जरा गोड लिहा बाई,' असंही म्हणाले. गोड लिहिणारे आपल्या चर्चमध्ये पुष्कळ आहेत. मी तुम्हालाच लिहिते, आणि ते छापायचं की नाही ते त्यांचं त्यांनी बघावं.

तुमचा जन्म कुठला, बाप्तिस्मा कधी झाला, गिरणीत कुठल्या खात्यात होतात, हे दुसरं कोणीतरी लिहील. त्यासाठी माणूस ओळखावा लागत नाही.

मातीला गर्दी होती. तुम्ही घरी बसलात त्या अकरा महिन्यांत ज्यांना चिंचपोकळीची तुमची चाळ सापडली नाही त्यांना शिवडी बरोबर सापडली. पांढरे शर्ट, पांढऱ्या साड्या, फुलांचे क्रूस. एकाने माझ्या कानाशी येऊन विचारलं, 'गुडघ्याच्या दुखण्याने माणूस जातो का हो?' तुमच्या शेजारच्या सावंतवहिनी माझ्या बाजूला उभ्या होत्या. दोन वेळचं जेवण तुम्हाला त्यांच्या घरून जात होतं, आणि सकाळी चहा घेऊन आल्या तेव्हा तुम्ही गेल्याचं पहिल्यांदा त्यांनाच कळलं. मूठभर माती टाकून, पदराला हात पुसत त्या मला म्हणाल्या, 'अकरा म्हयने झाले, तुमच्या चर्चातलो एकव माणूस दारात येवक नाय गो बाय.'

'मी येत होते ना,' मी म्हटलं.

'तू येय होतंस,' त्या म्हणाल्या. 'आदी.'

तो शेवटचा शब्द त्यांनी मुद्दाम वापरला नव्हता, म्हणून जास्त लागला.

गिरगावातल्या आपल्या चर्चच्या दारात तुम्ही तीसेक वर्षं उभे होतात. हातात गायनांची पुस्तकं, अंगात तोच तपकिरी कोट, भर मे महिन्यातसुद्धा. येणाऱ्याला सलाम करून पुस्तक द्यायचं, उपासना संपली की परत घ्यायचं, एवढंच तुमचं काम. ना तुम्ही पंच, ना कमिटीत. पण पुस्तक देताना तुम्ही पुस्तकाकडे कधी बघत नव्हतात. कोण हिसकावून घेतो, कोण नुसता हात पुढे करतो आणि तुम्ही ठेवाल तसं ठेवून घेतो, कोणाच्या बांगड्या कमी झाल्यात, कोणाचं पोर आज बरोबर नाही. आत पाळक प्रवचन देत असायचे आणि दारात तुमचा अभ्यास चाललेला असायचा.

माझंच सांगते. माझा नवरा घर सोडून गेला त्या वर्षी मी कोणालाही कळू दिलं नव्हतं. 'ड्यूटी पुण्याला आहे त्यांची,' असं हसून सांगायचे. चर्चला यायचे, मागच्या बाकावर बसायचे, शेवटच्या गायनाआधी सटकायचे. तुम्ही मला ओळीने चार रविवार तेच एक पुस्तक दिलंत. त्यातला खुणेचा दोरा एका पानात घालून. चार रविवार दोरा त्याच पानात परत आला, कारण मी पुस्तक उघडतच नव्हते. मंगळवारी शाळेतून आले तर तुम्ही माझ्या दारात उभे. 'मास्तरीणबाई, चष्मा विसरलो. पुतण्याचं एवढं पत्र वाचून दाखवता का?'

चष्मा तुमच्या वरच्या खिशातून बाहेर डोकावत होता. मी पत्र वाचायला घेतलं. पुतण्याच्या गावी आंबा कसा धरलाय, म्हशीला रेडी झाली, असलं काहीतरी होतं, आणि त्या रेडीपाशी येऊन मी जी रडायला लागले ती थांबेना. तुम्ही दोन कप चहा मागून प्यालात, दुसऱ्यात साखर जास्त घालायला लावलीत. आणि जाताना प्रार्थनासुद्धा केली नाहीत. त्याबद्दल मी तुमची जन्मभर आभारी आहे.

पुढे कधीतरी मी विचारलं तेव्हा तुम्ही ती युक्ती सांगितलीत. 'मदत घेऊन गेलं की माणूस बरंय बरंय म्हणतो आणि दार लोटतो. काहीतरी मागायला जावं. मागणाऱ्यासमोर कोणी खोटं बोलत नाही.' कोणाकडे सुई ओवून मागायला गेलात, कोणाकडे नुसतं पाणी प्यायला. सुलोचनाबाईंना ऐकू येईनासं झालंय हे त्यांच्या सुनेआधी तुम्हाला कळलं, कारण त्यांनी तुमच्या सलामाला उत्तर देणं बंद केलं होतं. एक रविवार चुकला तर जाऊ द्यायचं, दुसरा चुकला की चौकशी करायची, तिसरा चुकला की जिना चढायचा, हा तुमचा कायदा. कोणाच्या बापाने तो लिहून ठेवलेला नव्हता.

आता भांडणाकडे येते. एवढं गोड बास झालं.

त्या प्रभुभोजनाच्या रविवारी तुम्ही पुढे कठड्याशी गुडघे टेकून बसलात, तबकातला छोटा पेला उचललात आणि तुमचा हात थरथरला. द्राक्षरस पांढऱ्या कापडावर सांडला. केवढा तो? चमचाभर. आपल्या कमिटीचे सेक्रेटरी कदमसाहेब तबक धरून होते. त्यांनी तुमच्या हातातून पेला काढून घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, 'काका, पुढच्या वेळेपासून तुम्ही जागेवरच बसा. आम्ही आणून देऊ.' शब्दांत वावगं काही नव्हतं. लोक म्हणाले, किती काळजी घेतात कदमसाहेब! पण मी शेजारीच गुडघे टेकून होते आणि मला तुमचे कान लाल झालेले दिसले.

पुढच्या रविवारी दारात तुम्ही नव्हतात. तिथे एक टेबल मांडलं होतं आणि त्यावर पुस्तकं. ज्याने त्याने उचलावीत. तुमच्या जागी कदमांनी टेबल उभं केलं, काका! टेबल सलाम करत नाही आणि कोण आलं नाही हे टेबलाला कळत नाही, एवढी साधी गोष्ट बँकेत मॅनेजर राहिलेल्या माणसाच्या डोक्यात आली नाही.

तुम्ही मात्र त्यांना फोन करून सांगितलंत की गुडघा धरलाय, जिना उतरवत नाही. झालं. गुडघा प्रार्थनेच्या यादीत गेला. दर रविवारी, आजारी बंधुभगिनींसाठी प्रार्थना करताना, 'बंधू याकोब यांच्या गुडघ्याला आराम मिळावा आणि ते लवकर आपल्यात यावेत.' सगळे डोळे मिटून 'आमेन.' यादीत नाव गेलं की काम देवाकडे सोपवलं, मग चिंचपोकळीला जायची गरज कोणाला? उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

तुमचा गुडघा माझ्यापेक्षा ठणठणीत होता. मी पहिल्यांदा आले तेव्हा तुम्ही गॅलरीत उकिडवे बसून तुळशीची माती उकरत होतात. सावंतवहिनींची तुळस, तुमची खुरपी. मला बघून चटकन उठलात आणि मग आठवण झाल्यासारखे गुडघ्याला हात लावलात. मी हसले नाही. कपाची बशी तुमच्या हातात वाजत होती. डॉक्टरने सांगितलं होतं, हा कंप आता वाढत जाणार.

'खरं सांगते मी चर्चमध्ये,' मी म्हटलं.

'सांगितलंस तर मी पुन्हा तोंड दाखवणार नाही.'

'आता कुठे दाखवताय?'

'विजू, शब्द दे.'

आणि मी दिला. हा माझा पहिला गाढवपणा. तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांची झाकली मूठ हळूच उघडत आलात, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा माझ्या हातावर हात ठेवून ती बंद करायला लावलीत. कोणाला कळू नये म्हणून खोटं बोलायचं आणि कोणी येत नाही म्हणून गॅलरीत बसून रस्त्याकडे बघायचं! तुम्ही वाट बघत होतात, काका. नाही म्हणू नका. दर रविवारी दुपारी तुम्ही तो तपकिरी कोट घालून बसायचात, कोणी आलंच तर तयार असावं म्हणून. सावंतवहिनींनी मला सांगितलंय.

आणि एवढं असून तुम्ही मला काय सांगत होतात? 'कदमकडे जाऊन ये.' मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तुम्ही म्हणालात, 'त्याची बायको गेल्यापासून त्याचं काही खरं नाही. आधी खालच्या पट्टीत गायचा, आता नुसते ओठ हलवतो. शर्टाचं बटण एक घर चुकलेलं असतं. तो कापड डागाळलं म्हणून चिडला नव्हता गं. त्यावरचं भरतकाम त्याच्या बायकोचं होतं.'

'माझी चप्पलसुद्धा जाणार नाही त्यांच्या दारात,' मी म्हटलं.

'चप्पल बाहेरच काढायची असते,' तुम्ही म्हणालात आणि स्वतःच हसलात. मला हसू आलं नाही. पुढच्या प्रत्येक भेटीत तुम्ही तोच पाढा लावलात आणि मी प्रत्येक वेळी उलट बोलले. क्षमा करावी, सूड देवावर सोडावा, हे मला लहानपणापासून पाठ आहे. पण देवाला एवढी घाई नसते, आणि मला असते.

शेवटचे सहा आठवडे मी तुमच्याकडे आले नाही. हे आता लिहिलंच पाहिजे. मतदार याद्यांचं काम लागलं होतं, शाळा सुटली की फॉर्म घेऊन लालबागमध्ये घरोघर. शेकडो दारं वाजवली मी. 'घरात किती माणसं? सगळी इथेच राहतात का? कोणी वारलंय का?' लालबागहून तुमची चाळ चालत दहा मिनिटं. रोज वाटायचं, उद्या जाऊ. पाय दुखायचे आणि मी बस धरून गिरगावला परत यायचे. यादीतल्या परक्या माणसांची हजेरी घेत होते आणि तुमची घेतली नाही.

तुम्ही मंगळवारी गेलात, बुधवारी माती झाली. त्यानंतरच्या रविवारी चर्चला गेले. कदमसाहेब नेहमीप्रमाणे पुढे आले, कागद उघडला आणि आजाऱ्यांची नावं वाचायला लागले. तिसरं नाव तुमचं. 'बंधू याकोब यांच्या गुडघ्याला आराम मिळावा आणि ते लवकर आपल्यात यावेत.'

ज्या हातांनी बुधवारी शवपेटी उचलली त्याच हातांत तो कागद होता! आणि सगळी मंडळी, मिटल्या डोळ्यांनी, एका आवाजात म्हणाली, 'आमेन.'

त्यात माझाही आवाज होता, काका. सवयीने तोंडातून गेला. आणि मग माझं डोकं फिरलं.

मी उभी राहिले. आपल्याकडे प्रार्थनेत मध्येच कोणी बोलत नाही. मी म्हटलं, 'उजवा की डावा?'

कदमांनी डोळे उघडले. 'काय म्हणालात बाई?'

'अकरा महिने ज्या गुडघ्यासाठी प्रार्थना केलीत, तो उजवा की डावा? कोणीही सांगा. कमिटीने सांगा, महिला मंडळाने सांगा.'

पाळकसाहेब नवे, एकटे तीन मंडळ्या सांभाळतात, ते बिचारे बायबलात बोट घालून तसेच उभे राहिले. मी म्हटलं, 'बुधवारी पुरलंत त्यांना. आणि गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. हात थरथरत होते त्यांचे, तुमच्या डोळ्यांसमोर.' तुम्हाला दिलेला शब्द मी तिथे मोडला, आणि कदमांचा चेहरा पांढरा पडताना बघितला, आणि मला मजा आली. खोटं कशाला बोलू? अकरा महिन्यांत मला एवढं बरं वाटलं नव्हतं. कदम कागदाची घडी घालायला गेले ती त्यांना जमेना.

तेवढ्यात मागून सुलोचनाबाईंनी, माझा चढलेला आवाज ऐकू गेला असावा, स्वतःला कमी ऐकू येतं म्हणून मोठ्याने, अगदी निर्मळपणे विचारलं, 'विजे, तू गं कधी गेली होतीस शेवटची?'

'सहा आठवड्यांपूर्वी,' मी म्हटलं, आणि बसले.

पुढच्या रविवारी कदम आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. पाळकसाहेबांनी यादी वाचली: बंधू कदम, रक्तदाब. सगळ्यांबरोबर मी 'आमेन' म्हटलं, जरा मोठ्यानेच. परवाचा रविवार तिसरा. डोळे मिटलेल्या त्या सगळ्या माणसांत तिसरा रविवार मोजणारी मी एकटीच होते, आणि हे मला कळत होतं, आणि मी ठरवलं होतं की जायचं नाही. बसू देत. गॅलरीत बसून रस्त्याकडे बघू देत. माणूस कसा यादीत टाकला जातो ते कळू दे त्यांनाही.

तुमच्यावरही मी चिडले आहे. तीस वर्षं तुम्ही एकट्याने सगळ्यांचे जिने चढलात, म्हणून बाकीच्यांचे पाय कधी वळलेच नाहीत. याकोबकाका आहेत ना, ते बघतील. चार माणसांना दारात शेजारी उभं करून शिकवलं असतंत तर? पण तुम्हाला ते एकट्याचं हवं होतं. शिकवलंत ते मला एकटीला, तेही चहा पिता पिता. आणि माझा स्वभाव तुम्हाला माहीत होता.

आज दुपारी शाळेतून येताना कदमांच्या इमारतीखालच्या बेकरीवाल्याने मला हाक मारली. 'टीचर, कदमसाब गाव गये क्या? हफ्ता हो गया, पाव लेने नीचे नहीं उतरे.'

'गये होंगे,' मी म्हटलं आणि पुढे निघाले.

कोपऱ्यापर्यंत गेले. आणि मला सगळं आधीच दिसायला लागलं. पुन्हा शिवडी, पुन्हा फुलांचे क्रूस, 'रक्तदाबाने गेले म्हणे,' आणि मी पांढरी साडी नेसून मूठभर माती हातात घेऊन उभी. मग मी कोणाला विचारणार, आणि काय? मेलेल्या माणसावर उट्टं काढता येत नाही, काका. त्याला माणूस जिवंत लागतो. तो दर रविवारी समोर बसायला हवा, त्याला माझं तोंड दिसायला हवं.

मी परत फिरले. बेकरीतून पावाची लादी घेतली आणि तिसऱ्या मजल्यावर गेले. बेल दाबली. पुष्कळ वेळ काही नाही. पुन्हा दाबली, बोट काढलंच नाही. शेवटी साखळी लावलेल्या फटीतून एक डोळा दिसला आणि पांढरी दाढी.

'कोण?'

'विजया.'

आतून बंद घराचा कोंदट वास येत होता.

'भांडायला आलात?'

'हो,' मी म्हटलं.

त्यांनी साखळी काढली. 'मग आत या. उभ्याने काय भांडायचं?'

आत गेले. घरात धड काही नव्हतं. खिडक्या उघडल्या, चहा टाकला, पाव पुढे ठेवला, कारण उपाशी माणसाशी भांडायला तोंड उघडत नाही. त्यांनी तीन पाव खाल्ले, मान खाली घालून, आणि मी समोर बसून त्यांना टेबलापासून सुरुवात करून एकेक गोष्ट ऐकवली. त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. एकदा रडले, तरी मी थांबले नाही. निघाले तेव्हा पाच वाजून गेले होते. दारात येऊन त्यांनी विचारलं, 'मला माफ केलंत का?'

'नाही,' मी म्हटलं. 'उद्या पुन्हा येते. अजून निम्मंसुद्धा बोलून झालेलं नाही.'